शाईतली होडी

आमच्या शेजाऱ्याच्या डाव्या हाताची पाठ कायम करडी असते. शाईत पाणी किती झालं, हे तो तिथंच कुंचला टेकवून बघतो. मालवणच्या दमट हवेत त्याची चित्रं वाळता वाळत नाहीत. पडवीतल्या दोरीवर ती चिमट्यांना लटकत असतात आणि काहीही विचारलं की त्याचं एकच उत्तर, "सुकांदे आधी." चहा घेणार? सुकांदे आधी.

प्रत्येक चित्रात होडी केसभर पुढे सरकते. चित्र वाळलं की तो त्याचा फोटो काढतो. ते फोटो भरभर दाखवले की त्याचा मुलगा वल्हं मारत निघतो. खरा मुलगा होडी उलटून गेला, तो सापडलाच नाही. दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या, असं भाऊबंद सांगून थकले. "सुकांदे आधी," हा म्हणायचा. मला रागच यायचा. आत बायको झुरतेय आणि हा कागद वाळवतोय!

काल त्यानं मला मोबाइल धरायला बोलावलं. शेवटचं चित्र त्यानं नुकतंच काढलं होतं. एरवी विहिरीचं पाणी वापरणाऱ्या या माणसाच्या तांब्यात समुद्राचं पाणी होतं. ते तो मुलाच्या तोंडावर थेंब थेंब सोडू लागला. "काढ फोटो," प्रत्येक थेंबाला म्हणायचा. डोळे गेले, नाक गेलं, मग होडीही पसरली. करडा डाग तेवढा उरला.

त्यानं हात पुसले. "भटजीक सांग, उद्या येवंदे."

कागद अजून ओलाच होता.