दौलतरावांची ओवाळणी

कस्तुरीला हलक्या हाताने काही करताच येत नसे. सांवेर रोडच्या नमकीनच्या कारखान्यात ती पाकिटात शेव भरायची, तीसुद्धा कुणावर तरी सूड उगवल्यासारखी. एकदा सुपरवायझर तिच्या पाठीवरून हात फिरवायला आला, तर तिने मूठभर लाल तिखट त्याच्या डोळ्यांत चोळलं आणि पुन्हा पाकिटं भरायला बसली. अशी बाई घरी मात्र नवऱ्याचा मार मुकाट्याने खात होती. माणसाचं काही सांगता येत नाही बघा.

नवरा आशिष राजेंद्र नगरात सगळ्यांशी हात जोडून बोलायचा आणि घराचं दार लागलं की पट्टा काढायचा. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून त्याने भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तिचा उजवा हात तापल्या तव्यावर दाबून धरला. दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ धनेश पाटावर बसला, तर ताई डाव्या हाताने ओवाळायला लागली.

"ताई, उलट्या हाताने काय ग?" म्हणत त्याने चेष्टेत तिचा पदर ओढला. पदराखालचा हात दिसला आणि त्याचं हसू गेलं. ओट्यावरचा वरवंटा उचलून त्याने आशिषच्या तोंडावर घातला. एकदा नाही, तीनदा. जबडा फुटला, दात फरशीवर सांडले, ताम्हणातलं निरांजन रक्तात विझलं. कस्तुरीने भावाला अडवलं नाही. खरं सांगायचं तर तिला चौथा घावही हवा होता.

आशिष वाचला. धनेशला सात वर्षांची सजा लागली.

कस्तुरीने नवऱ्याचं घर सोडलं आणि मग तिचं आयुष्य जेलच्या फाटकाला बांधलं गेलं. कारखान्यातून अर्धी सुट्टी, दोन बस, झडती, आणि मग काचेपलीकडे धनेश, फोनवर त्याचा आवाज. बनियन, साबण, जे काही आत जाऊ देतील ते ती न्यायची. हायकोर्टात अपील होतं आणि जामिनाची तारीख दिवाळीनंतर लागणार होती. तोवर आत-बाहेर कुठलाही झगडा नको, एवढं वकिलांनी बजावलं होतं. त्या एका आशेवर ती दिवस काढत होती.

पण धनेश मात्र दर खेपेला थोडा मोडून समोर यायचा. कधी ओठ फाटलेला, कधी डोळा बंद. "बाथरूममध्ये घसरलो, ताई." कस्तुरी स्वतः वर्षानुवर्षं असंच घसरत आली होती. तिला कोण फसवणार?

भाऊबीजेला खुली मुलाकात असते. काच नसते, अंगणात सतरंज्या घालतात. दिवा आत नेऊ देत नाहीत, म्हणून कुंकू, अक्षता आणि सुपारी एवढ्यावर भागवायचं. धनेशने पाण्याचा पेला घेतला तेव्हा तिला त्याची बोटं दिसली. दोन वाकडी झाली होती आणि नखं उपटलेली होती.

"कोणी केलं?"

"जाने दे ना, ताई."

"कोणी, म्हणते मी!"

त्याने नुसती नजर वळवली. भिंतीशी पांढऱ्या मिशांचा, जाड मानेचा एक माणूस एकटाच बसला होता. "दौलतराव. दोन मर्डर केलेत. बराक त्यांचीच. पाय चेपायला नाही म्हटलं ना मी," धनेश पुटपुटला. "त्यांना भेटायला कोणीच येत नाही. सगी बहीणपण नाही."

कस्तुरी उठली. हातात वरवंटा असता तर तिने घातलाच असता, पण हातात कुंकू होतं. ती दौलतरावांसमोर जाऊन बसली आणि कपाळ फोडायचं असल्यासारखा अंगठा दाबून तिने टिळा लावला.

"ए बाई, क्या कर री है?"

"ओवाळतेय. सीधे बसा, दादा." तिने सुपारी ओवाळली, अक्षता टाकल्या आणि तळहात पुढे केला. "आता माझी ओवाळणी. माझ्या भावाला पुन्हा हात लावायचा नाही."

दौलतरावांनी तो तळहात धरला. जळून आकसलेली कातडी त्यांच्या बोटांना लागली.

"हे कुणी केलं?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलाच नव्हता. ती फुटली. तिने सगळं सांगितलं, नवऱ्याचं नाव, गल्ली, घर. परतताना बसमध्ये तिला फार हलकं वाटलं.

पुढच्या मुलाकातीला धनेश दाढी करून, केस विंचरून आला. "दौलतदादांनी माझा बिस्तरा आपल्या बाजूला लावला, ताई. आता कोणाची हिंमत नाही." मग तो हसला. असं हसू तिने त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "पण ते म्हणतात, ओवाळणी अर्धीच झाली. बहिणीच्या हाताचा हिसाब बाकी आहे. बाहेर माणसं आहेत त्यांची. आज निपटेल, बोले."

"नको म्हण त्यांना! धनेश, जामीन जाईल रे तुझा! सगळे तुझंच नाव घेतील!" ती काचेवर मुठी आपटत राहिली. वेळ संपली होती आणि फोन मुका झाला होता.

फाटकाबाहेर येऊन तिने आशिषचा नंबर लावला. तो माणूस मरावा म्हणून तिने किती नवस बोलले होते! आता शिव्या देत का होईना, पण त्यानेच फोन उचलावा म्हणून ती देवाचा धावा करत होती.

फोन उचलला गेला. आवाज परका होता. मागे सासूचा आक्रोश ऐकू येत होता.

"पुलिस. इनका दाहिना हाथ काट गए हैं कोई. आप कौन?"

"बहीण," कस्तुरीच्या तोंडून निघालं.

"किसकी बहन?"

कस्तुरीने वळून जेलच्या फाटकाकडे पाहिलं.