मॅडमकडं राहिलेला दिवस

माझा उजवा हात कोपरात पुरता सरळ होत नाही. पंगतीत वाढताना तो ताटापर्यंत नीट पोचत नाही आणि पाहुण्यांना वाटतं, ही बाई हातचं राखून वाढते. आता कुणाकुणाला समजावत बसणार?

तो मोडला तेव्हा मी दौंडच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमचं गाव मांडवगण फराटा. तालुका शिरूर, पण मला नदी ओलांडून दौंड गाठणं सोयीचं पडायचं. ऊसतोडीचा हंगाम संपत आला होता. ट्रॉलीतून पडलेले ऊस रस्त्यावर नेहमीचेच. त्यातल्या एकावरून माझी स्कुटी घसरली आणि मी कोपरावर आपटले. डॉक्टरांनी आत पट्टी बसवली, वरून प्लास्टर घातलं आणि सांगितलं की पावसाळ्यापर्यंत या हातानं काही करायचं नाही. परीक्षा तर उन्हाळ्यातच होती.

वडलांनी मला शब्द दिला होता. एका दमात बीएस्सी झालीस तर पुढं शीक, वर्ष बुडालं तर मात्र पाव्हण्यांना होकार कळवणार. पाव्हणे तर उंबऱ्यात चपला काढून तयारच बसले होते. मी मुळात तापट. रडण्यापेक्षा भांडण मला सोपं जातं. पण त्या आठवड्यात भांडायलाही कुणी नव्हतं. उसाशी काय भांडायचं?

कॉलेजात मुलींच्या खोलीतल्या आरशावर एक चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘अडचण आली तर फोन करा. कसलीही.’ खाली नंबर. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमकडं विद्यार्थ्यांच्या अडीअडचणी बघायचं काम होतं, त्यांनी ती लावलेली. ती आरशाच्या अगदी मधोमध. तीन वर्षं आम्ही तिच्या कडेनं वाकून वाकून वेण्या घातल्या आणि लावणारीच्या नावानं बोटं मोडली. त्यातून एकच झालं, नंबर मला पाठ झाला. डाव्या हातानं तो लावला.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, “फार दुखतंय का गं?” तोवर मला भेटायला आलेल्या प्रत्येकानं, गाडी कशी चालवत होतीस, हेच विचारलं होतं. मी तिथंच विरघळले. मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. ज्याचा हात चालत नाही त्याला पेपर लिहायला लेखनिक मिळतो. वेळ वाढवून मिळतो. तळमजल्यावर वेगळी खोली मिळते. अपघात झाला तर विद्यार्थ्यांचा विमाही असतो. मला यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं. “तू फक्त डॉक्टरांचं पत्र आण आणि अभ्यास कर,” त्या म्हणाल्या. “बाकीचं माझ्यावर सोड.” असं म्हणणारी माणसं पुष्कळ असतात. त्यांनी ते केलं.

लेखनिक खालच्या वर्गातला लागतो आणि आपल्या विषयाचा चालत नाही. मॅडमनी कला शाखेच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी शोधली. दौंडचीच, वडील रेल्वेत, अक्षर छापल्यासारखं. सगळं जुळून आलं आणि तेवढ्यात आमच्या आईनं कॉलेजात यायचा हट्ट धरला.

आई आमच्या गावातल्या कांद्याच्या बायकांची मुकादमच म्हणायची. आमच्याकडं कांदा लावायला आणि काढायला वारंगुळा चालतो. आज तू माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुझ्या. पैसा मध्ये येत नाही, दिवसाला दिवस फेडायचा. ज्याचा दिवस घेतला त्याचा फेडला नाही, तर आईला भाकर गोड लागत नाही. आजारी पडली तरी माणूस पाठवील, पण दिवस ठेवणार नाही.

मॅडमच्या केबिनमध्ये ती मुलगी बसली होती. आईनं तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “पोरी, तुमच्यात कांदा किती हाय?”

मुलगी गोंधळली. “काकू, आठवड्याला दोनेक किलो लागतो.”

“तसा न्हाई गं. रानात.”

“आम्हाला शेत नाही. पप्पा रेल्वेत आहेत.”

आईचा चेहरा उतरला. “मंग न्हाई जमायचं. हिचं एवढं दिवस घ्यायचं आन् फेडायचं कुठं?”

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. माझं वर्ष टांगणीला लागलेलं आणि ही बाई रेल्वेवाल्यांच्या घरी कांदा शोधत होती! मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मावशी, हा तुमच्या मुलीचा हक्क आहे. विद्यापीठानं दिलाय.”

“इद्यापीठ येनार हाय व्हय लिव्हायला?” आई म्हणाली. “लिव्हनार ही पोरगी. दिवस तिचं मोडनार.”

मॅडम टेबलामागची खुर्ची सोडून आईशेजारच्या बाकावर येऊन बसल्या. “बरोबर आहे तुमचं,” त्या म्हणाल्या. “मग असं करू. हे दिवस माझ्याकडं राहू द्या. मी सांगीन तेव्हा, मी सांगीन त्या रानात, तुम्ही फेडा.”

आईनं विचार केला. “तुमी इसरायच्या.”

“मी विसरत नाही.”

“मंग चालंल,” आई म्हणाली आणि मुलीच्या पाठीवरून हात फिरवला.

आम्ही दोघी रोज दुपारी त्या केबिनमध्ये सराव करायचो. मी सांगायची, तिनं लिहायचं. “षट्कोन काढ. आत गोल. आता वरच्या कोपऱ्याला एक काडी, काडीच्या टोकाला ओएच.” ती म्हणायची, “ताई, तुमचं रसायनशास्त्र म्हणजे नुसती रांगोळी आहे.” एकदा तिनं काडी भलत्याच कोपऱ्याला काढली आणि मी खेकसले. तिनं शांतपणे पेन खाली ठेवलं. “तुम्ही ओरडलात की माझं अक्षर बिघडतं. नुकसान तुमचंच.” आईनंतर मला अशी वेसण घालणारी तीच भेटली. पेपरांच्या दिवसांत तिचं बोट सुजलं, पण तिनं एकही ओळ टाळली नाही. ती स्वतःच्या परीक्षेचा अभ्यास कधी करायची, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही.

मी पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले. वडलांनी शब्द पाळला आणि मी एमएस्सीसाठी शिरूरला जायला लागले. पाव्हण्यांनी चपला घातल्या.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी मॅडमचा फोन आला. मला नाही, आईला. आईनं तो भाकरी थापता थापता स्पीकरवर टाकला.

“मावशी, तुमचा दिवस फेडायची वेळ आली.”

खुटबावच्या एका मुलीची शेवटच्या वर्षाची परीक्षा चालू होती. वडलांना विहिरीवरची मोटार चालू करताना शॉक बसला होता, ते दवाखान्यात होते आणि आई त्यांच्या उशाशी. इकडं कांदा काढायला आलेला, आभाळ रोज भरून यायचं, मजूर मिळत नव्हते. उरलेले पेपर देणार नाही, असं मुलीनं मॅडमना कळवलं होतं. मॅडमनी उपचारांसाठी मदत मिळवली होती, दवाखान्यात जाऊन आल्या होत्या, मुलीशी तासन्‌तास बोलल्या होत्या. “विद्यापीठात सगळ्याची सोय आहे, मावशी,” त्या म्हणाल्या. “कांद्याची नाही.”

“ही ती लिव्हनारी पोरगी का?” आईनं विचारलं.

“नाही. ही दुसरीच. तुम्ही ओळखत नाही.”

वारंगुळ्यात ज्याचा दिवस घेतला त्यालाच फेडतात. अनोळखी रानात कुणी दिवस टाकत नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मी उलटली. मग आई म्हणाली, “पात पडली का कांद्याची?”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आई आणि तिच्या वारंगुळ्यातल्या टेम्पोभर बायका खुटबावच्या रानात उतरल्या. मी स्कुटीवरून मागोमाग गेले. ती मुलगी विळा घेऊन बांधावर उभी होती आणि जागची हलत नव्हती. “परक्या बायका माझ्या रानात राबनार आन् मी पेपरला जाऊ? मला न्हाई जमायचं.” मला आमच्या आईचीच आठवण झाली. माझा आयुष्यभराचा तापटपणा त्या दिवशी पहिल्यांदा सत्कारणी लागला. मी तिच्या हातातला विळा काढून घेतला आणि ओरडले, “बस मागं! भांडायचं तर रस्त्यात भांड.” ती बसली. दौंडपर्यंत ती माझ्या कानाशी उत्तरं घोकत होती आणि मी रस्त्यावर ऊस पडलाय का ते बघत होते. कॉलेजच्या फाटकात मॅडम पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. मला कुणाच्या पाया पडायची सवय नाही. त्या दिवशी पडले.

दोन दिवसांत सगळा कांदा निघाला, पात कापून झाली. शेवटच्या पाट्या कांदा साठवायच्या बराखीत पडत होत्या तेव्हा मुलीची आई दवाखान्यातून आली. बराखीपुढं उभी राहून तिनं आत पाहिलं. “धन्याला उद्या सोडनार हायती,” म्हणाली आणि रडायला लागली. बायकांनी तिला पाणी पाजलं. थोड्या वेळानं डोळे पुसून तिनं आमच्या आईचा हात धरला.

“बाई, तुमचं गाव कंचं? दिवस फेडायला आमी कवा येऊ?”

आईनं डोक्याचा फडका सोडून झटकला. “आमचं काय न्हाई ऱ्हायलं,” ती म्हणाली. “तुमचा दिवस मॅडमकडं ठिवा.”