गणित की भूगोल

मुलीने अकरावी सायन्सला सहावा विषय कोणता घ्यावा, यावर आमच्या घरात नऊ दिवस चर्चा चालली. इंग्रजी, मराठी, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हे पाच विषय पहिल्याच दिवशी ठरले होते. सहावा गणित असावा, असं तिचं म्हणणं होतं आणि मी भूगोल म्हणत होतो. अर्ज श्रीरामपूरच्या कॉलेजात द्यायचा होता. एकदा दिलेला विषय मागाहून सहज बदलता येत नाही, असं तिथल्या खिडकीवर बजावून सांगितलं होतं.

मी गावच्या दूध संकलन केंद्राचा सचिव आहे. सकाळ-संध्याकाळ आलेल्या प्रत्येक किटलीची फॅट मोजून लिहिणं हे माझं काम, आणि ते करताकरता मोजल्याशिवाय कशावरच विश्वास न ठेवण्याची खोड लागली. मुलगी लहानपणापासून केंद्रावर येऊन बसायची. उपड्या कॅनवर बसून पाय हलवत विचारायची, "पप्पा, एकाच गायीचं दूध, मग सकाळी फॅट कमी आणि संध्याकाळी जास्त का?" मला आकडा माहीत होता, कारण माहीत नव्हतं. तिला मात्र कारणच हवं असायचं. दहावीनंतर म्हणाली, पुढे केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करीन. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती.

अडचण गणिताची होती. दहावीला तिला विज्ञानात चौऱ्याऐंशी आणि गणितात त्रेसष्ट गुण होते. हे त्रेसष्टसुद्धा तिने कसे मिळवले, ते मी पाहिलं होतं. एकेका उदाहरणाशी झटून ती रडकुंडीला यायची.

मी रीतसर माहिती जमवायला घेतली. निकालानंतर चौकात गुणवंतांच्या अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात. दोन वर्षांत त्यांच्यावर आमच्या आणि शेजारच्या गावची मिळून बारावी सायन्सची अठरा मुलं-मुली झळकली होती. मी एकेकाला गाठून विषयवार गुण विचारले. कोणी खुशीने सांगितले, कोणाच्या आईनेच गुणपत्रिका बाहेर आणून दाखवली. पट्टीने रेघा मारून तक्ता केला. गणिताची सरासरी एकाहत्तर आली आणि भूगोलाची अठ्ठ्याऐंशी. म्हणजे सतरा गुणांचा फरक. माझ्या दृष्टीने विषय संपला होता.

तो तक्ता मी केंद्रावर टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. संध्याकाळी दूध घालायला आलेल्या एका म्हाताऱ्या गवळ्याने तो वाकून पाहिला.

"सचिव, आता पोरांचीबी फॅट काढाया लागले का काय?"

"लेकीचा विषय ठरवायचाय, आबा."

"मग लेकीला इचारा की! या कागदाला काय इचारता?"

रांगेतले सगळे हसले. मुलगी तिथेच होती, तीही हसली. मग तिने तक्ता काढून घेतला आणि खालपर्यंत वाचला. "ही सगळी फ्लेक्सवरचीच मुलं आहेत?"

"हो. दुसरी कोण सापडणार?"

"पप्पा, तुम्ही न ढवळताच सॅम्पल घेतलंय."

दूध काही वेळ स्थिर राहिलं की साय वर येते. किटली न ढवळता वरचं दूध मोजलं तर फॅट जास्त दिसते. म्हणून आधी ढवळणी तळापर्यंत घालून ढवळायचं आणि मगच सॅम्पल घ्यायचं, हा केंद्राचा पहिला नियम. तो मी भिंतीवर स्वतःच्या हाताने रंगवलेला आहे. आणि मी मुलं मोजली ती फक्त वरच्या सायीतली.

"आता कसं, सचिव?" आबा म्हणाले. "न्हाई ढवळलं तर परत मोजायचं, तुमचाच कायदा हाय."

पुढचे चार दिवस मी फ्लेक्सवर नसलेली मुलं शोधली. नऊ जण भेटले. एक जण गणितात नापास होऊन आता टेम्पो चालवतो; त्याने गणिताला मनापासून शिव्या घातल्या. भूगोल घेतलेली एक मुलगी बीएस्सीला होती. ती म्हणाली, "काका, बारावीला टक्के वाढले माझे. आता फिजिक्सच्या तासाला सगळे पुढे जातात आणि मी गणितापाशीच अडून बसते." दोघंही खरंच सांगत होते. नऊ जणांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. दुसऱ्या तक्त्याचं उत्तर स्पष्ट आलं नाही, हे मी घरी तसंच सांगितलं.

पत्नी भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, सत्तावीस पोरांना विचारलंत. हिला एकदा तरी विचारलंत का?"

मग मी विचारलं. मुलगी म्हणाली, "मला गणित जड जातं, माहीत आहे. पण ते सोडून पुढे गेले, तर प्रत्येक वेळी कारणाच्या अलीकडेच थांबावं लागेल. आकडा आहे पण कारण नाही, असं."

हे माझंच वर्णन होतं. तिला ते बोलल्यावर जाणवलं असावं, कारण तिने गडबडीने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. अर्जावर मी पेन्सिलीने भूगोल लिहून ठेवला होता. तो खोडून तिच्यापुढे पेन ठेवलं.

बारावीला तिला गणितात अठ्ठावन्न मिळाले. भूगोल असता तर टक्के वाढले असते, हे आजही माझं मत आहे. ती आता बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्री शिकते. सुट्टीला आली की केंद्रावर बसते आणि मी न विचारता मला कारणं सांगते; निम्मी मला कळतात. त्या वर्षी चौकातल्या फ्लेक्सवर तिचा फोटो आला नाही. उद्या माझ्यासारखा एखादा बाप तक्ता करायला निघाला, तर त्याला ती सापडायची नाही. म्हणून माझ्या जुन्या तक्त्याखाली मी शाईने एक ओळ वाढवली आहे: गणित, अठ्ठावन्न. कागद परत काचेखाली ठेवला आहे.