प्रश्नचिन्हापुढचं गाव

कुणालाही लिंक पाठवायची असली की मी आधी तिचं शेपूट कापते. प्रश्नचिन्ह दिसलं की तिथून पुढचं सगळं पुसायचं, लिंक तरीही उघडते का बघायचं, मगच पाठवायची. सोसायटीतल्या बायका हसतात. हसू देत मेल्या. मी त्या दिवशी जे भोगलं, ते त्यांनी भोगलेलं नाहीये.

माझी भाची इथेच ठाण्यात, माजिवड्याला दिलेली. तिची आई लवकर गेली, म्हणून स्थळ मीच बघितलं, लग्नही मीच लावून दिलं. आता बसा बोंबलत! नवऱ्याने तिचा हात मोडला तेव्हा प्लास्टरसकट ती माझ्याकडे आली. दुसऱ्याच दिवशी तो माझ्या दारात.

"मावशी, तिला सांगा मुकाट्याने घरी यायला. शोधून काढली तर दुसरा हातही जाईल."

ती तेव्हा माझ्या बाथरूममध्ये कडी लावून उभी होती. तो गेल्यावर मी तिला डोंबिवलीला, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे नेऊन ठेवलं. पोलिसांत तक्रार दिली, वकीलही गाठला, आणि नातेवाइकांत सांगितलं की ती कोकणात गावी गेलीय.

संक्रांत आली. हळदीकुंकवाला काय लुटायचं यावर लग्नाच्या वेळी काढलेल्या बायकांच्या ग्रुपवर चर्चा सुरू झाली. त्या ग्रुपवर भाचीची सासू, आमच्या विहीणबाई, अजून होत्या. त्यांना काढलं तर वाईट दिसेल, शिवाय संशय येईल, हे शहाणपण माझंच. भाची ग्रुप सोडून गेलेली, पण वस्तू निवडावी तर तिनेच. तिने स्टीलच्या छोट्या डब्यांची लिंक मला पाठवली. मी ती तश्शीच उचलून ग्रुपवर टाकली आणि तिला फोन केला.

"छान आहेत गं डबे. टाकले बघ ग्रुपवर."

"कुठल्या ग्रुपवर?"

"लग्नाच्या."

ती म्हणाली, "मावशी, त्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हाच्या पुढे वाच ना."

चष्मा लावला. लांबलचक इंग्रजी अक्षरांच्या गोंधळात आधी तिचं नाव होतं, कारण लिंक तिच्या खात्यातून आलेली. आणि पुढे तिने डबे मिळतात का म्हणून बघितलेलं दुकान, डोंबिवली पूर्व. कुणी वाचलं ते बघितलं, तर एकच नाव. विहीणबाई. मी लिंक सगळ्यांसाठी पुसली, पण वाचलेलं कसं पुसणार?

मैत्रिणीने दाराला साखळी लावली. मी दर दहा मिनिटांनी फोन करत होते. माजिवड्याहून निघाला असेल तर आता कुठे असेल, एवढंच डोक्यात. पोरीचा आवाज इतका बारीक झालेला की मला दोनदा विचारावं लागलं, काय म्हणालीस? खाली जिन्यात कुणी बोललं तरी ती फोन ठेवायची. देवा, मीच तिला त्या घरात दिलं आणि मीच आता त्याला पत्ता दिला, असं मी मोठ्याने बोललेसुद्धा. गॅसवर तिळाच्या वड्यांचा पाक करपला.

चार वाजता विहीणबाईंचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला.

"पुसलंत ते बरं केलंत. हा आंघोळीला गेला होता, म्हणून आधी माझ्या नजरेस पडलं. रोज माझा फोन तपासतो. पुढच्या वेळी लिंकमधलं गाव काढून पाठवत जा. पोरीला डबे आवडलेत तर तेच लुटा. माझ्यासाठी ठेवू नका, कुठून आला विचारेल. हे वाचून झालं की पुसा."

मी पुसलं. भाचीला फोन केला, म्हटलं, तो येत नाहीये. ती रडायला लागली आणि मीही.

लग्न ठरवताना त्या बाईंच्या मनगटावर काळानिळा डाग बघितलेला मी. कपाट लागलं म्हणाल्या होत्या. भाचीला आम्ही बाहेर काढलं, पण त्या घरात आता त्याचा मार खायला त्या एकट्याच उरल्या होत्या.