दसऱ्याला हरवलेली पिशवी

नोकरीतल्या पुष्कळ घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठली घरफोडी कुठल्या ठाण्यातली, हे मला बायकोला विचारावं लागतं, कारण माझ्या बदल्या माझ्यापेक्षा तिच्या जास्त लक्षात आहेत. दसऱ्याच्या दिवसाची ही घटना मात्र कोणाला विचारावी लागत नाही. मी तेव्हा पेण आणि रोह्याच्या मधल्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. गाव, संस्था आणि माणसं यांची नावं मी सांगणार नाही. त्यातले बरेच जण आजही तिथेच राहतात आणि आपापलं काम नीट करतात.

सकाळी ठाण्यात शस्त्रपूजन झालं होतं. पेढे वाटून होतायत तोच आंबा नदीच्या पलीकडच्या एका गावाच्या पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, लवकर या. अ‍ॅम्ब्युलन्समधली पिशवी चोरीला गेली नि आमचा माणूस गेला. चोर पकडून ठेवलाय."

पकडून ठेवलाय म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. आमची जीप पोहोचली तेव्हा एका भंगारवाल्याला विजेच्या खांबाला बांधलेलं होतं. त्याचा ओठ फाटला होता, शर्टाची एक बाही उरली होती. त्याच्या टेम्पोतला सगळा माल लोकांनी रस्त्यावर ओतला होता. पत्रे, बाटल्या, एक मोडका पंखा, सायकलची चाकं. पिशवी नव्हती. मग लोकांनी ठरवलं की साथीदार पिशवी घेऊन पळाला. जमावाला साथीदार फार लवकर सापडतो. मी आधी त्याला सोडवून जीपमध्ये बसवलं आणि शेजारी एक धिप्पाड शिपाई दिला. तपास नंतर, माणूस आधी, हा माझा पहिल्यापासूनचा नियम.

घडलं होतं ते असं. भातकापणी सुरू झाली होती. सणाचा दिवस असूनही एक शेतकरी खाचरात उतरला आणि पेंढी उचलताना त्याच्या हाताला नाग चावला. घरच्यांनी मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णवाहिका बोलावली, याबद्दल त्या घराला मी आजही मानतो. महामार्गालगत एका संस्थेचं रुग्णवाहिकेचं केंद्र होतं, तिथून गाडी आली. गाडीत एक तरुण डॉक्टरीणबाई आणि चालक. गाडी पोहोचली तेव्हा रुग्णाच्या पापण्या मिटत चालल्या होत्या आणि श्वास तुटत होता. बाईंनी चालकाला पिशवी आणायला सांगितली. चालक गाडीकडे गेला, आणि पिशवी नव्हती.

ही पिशवी म्हणजे काय, ते सांगायला हवं. तिच्यात श्वास देण्याचा रबरी फुगा असतो. नागाचं विष चढलं की छातीचे स्नायू काम सोडतात. हृदय चालू असतं, पण श्वास बंद पडतो. गाडीत ऑक्सिजनची टाकी असली तरी जो माणूस स्वतः श्वास घेत नाही, त्याला नुसत्या टाकीचा उपयोग नाही. तोंडावर मुखवटा धरायचा आणि फुगा दाबदाबून हवा आत ढकलायची. तेवढं करत राहिलं तर माणूस इस्पितळापर्यंत पोहोचू शकतो. बाईंनी तोंडाने श्वास द्यायचा प्रयत्न केला, मग त्याला गाडीत घालून पेणच्या वाटेला लागल्या. वाटेत तो गेला.

आकस्मिक मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, शव तपासणीला गेलं. संध्याकाळी ठाण्यात जबाब सुरू झाले. चालक तिशीतला, बोलायला चुरचुरीत. "गाडी लावून आम्ही आत धावलो, सर. दार उघडं राहिलं. भंगारवाला तिथंच घुटमळत व्हता, मी सोता बघितला." एकही शब्द न अडखळता. मी पुन्हा विचारलं, त्याने तसंच सांगितलं, त्याच क्रमाने. खरं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना काहीतरी विसरतो किंवा नवीन काहीतरी आठवतो. पाठ केलेलं तेवढं जसंच्या तसं येतं.

डॉक्टरीणबाई खोटं बोलत नव्हत्या, पण त्यांचा जबाब मला जास्त खटकला. "पिशवी गाडीत होती का?" मी विचारलं.

"असतेच, सर."

"आज पाहिली होती?"

"ती उजव्या कप्प्यात असतेच."

मी तिसऱ्यांदा विचारलं नाही. असतेच म्हणणाऱ्या माणसाने बहुधा पाहिलेलं नसतं, हे कळायला पोलीस असण्याचीही गरज नाही.

भंगारवाला रोह्याकडचा. बायको, दोन मुली, टेम्पो भाड्याचा. त्याला चहा दिला. म्हणाला, "साहेब, मी गाडीजवळ गेलेलो, नाय म्हनत नाय. आतली टाकी बघत व्हतो, अशी टाकी कधी जवळून बघितली नव्हती. पिशवी कुठं व्हती तेच मला ठाव नाय. चोरीचा शिक्का मारा, मी सोसंन. पर मानूस मारला म्हनू नका. माझ्या पोरींची लग्नं व्हायची हाईत."

माझा फौजदार उत्साही. त्याच्या हिशेबात गुन्हा उघड झालेला होता, फक्त पिशवी तेवढी राहिली होती. गाव पेटलेलं, आरोपी हाताशी, साक्षीदार हवे तितके. अशा वेळी कागद आपोआप पुढे सरकतात आणि त्यांच्याबरोबर माणूसही. भंगारवाल्याला अटक दाखवली असती तर चोरीबरोबर एका मृत्यूचा डाग त्याच्या कपाळी कायमचा बसला असता. मी अटक दाखवली नाही. जबाब घेतला, दवाखान्यात मलमपट्टी करून घेतली आणि त्याच्या सासऱ्याच्या ताब्यात दिलं. बोलावलं की यायचं, एवढंच बजावलं. फौजदाराचं तोंड उतरलं, ते मी उतरू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली. नागोठण्याच्या अलीकडे रस्त्याला लागून एक देऊळ आहे. तिथला चहावाला आमच्या हवालदाराच्या ओळखीचा. त्याने फोन केला, "देवळाच्या ओट्यावर कालधरनं एक पिशवी हाय. पुजलेली हाय, म्हनून कुनी हात लावीत नाय. तुमचीच तर नाय?"

आम्ही गेलो. पिशवी तीच होती. भिंतीला टेकवून नीट उभी ठेवलेली, पट्टे वरच्या बाजूला, खाली कोणीतरी केळीचं पान घातलेलं. पिशवीवर हळदकुंकवाची बोटं, मुठीला झेंडूची माळ. मी वाकून पाहिलं तर वरच्या घडीत अक्षता होत्या.

"साथीदाराने घाबरून टाकली, सर," फौजदार म्हणाला.

"टाकली?" मी म्हणालो. "नीट बघा. चोर माल फेकतो, पुरतो नाही तर विकतो. खाली पान घालून ठेवतो का? आणि चोराने तिची पूजा कधी केली?"

माझ्या डोळ्यांपुढे आमच्याच ठाण्यातलं आदल्या दिवशीचं शस्त्रपूजन आलं. बंदुका चादरीवर मांडलेल्या, कुंकू, झेंडू. पूजा उरकली की शस्त्रागाराचा हवालदार एकेक हत्यार नाव घेऊन आत घेतो, आणि तोवर कोणी जागचं हलत नाही. रुग्णवाहिकेच्या केंद्रावरही दसरा झालाच असणार. तिथे असा हवालदार होता का?

तिथून थेट केंद्रावर गेलो. खोलीत चौरंग अजून तसाच होता, भोवती सुकलेली फुलं. गाडीत जाऊन पाहिलं. टाकीवर कुंकू, स्ट्रेचरच्या दांड्यावर कुंकू, नाडी दाखवणाऱ्या यंत्रावर कुंकू. सगळ्यांची पूजा झाली होती, म्हणजे सगळं गाडीबाहेर काढलं होतं. मी बाईंना विचारलं, "चौरंगाच्या मधोमध काय ठेवलं होतं?"

त्या खुर्चीवर बसल्या आणि रडू लागल्या. "पिशवी. मीच म्हटलं होतं, हिला मधे ठेवा. जीव वाचवते ती हीच, मान हिचा."

आरती अर्ध्यात असताना फोन आला होता. प्रत्येकाने हाताला लागेल ते उचललं. चालकाने टाकी घेतली, बाईंनी यंत्र घेतलं, सफाईवाल्याने स्ट्रेचर ढकललं. कडेच्या वस्तू पटापट उचलल्या गेल्या. मधल्या पिशवीवर फुलांचा ढीग होता आणि समोर समई तेवत होती. ती दुसऱ्याने घेतली असेल असं प्रत्येकाला वाटलं. बाईंना खरोखर ती चोरीला गेली असंच वाटत होतं, कारण परत आल्यावर त्यांनी पाहिलं तर चौरंग रिकामा होता. मग तो रिकामा कोणी केला? गाडी गेल्यावर सफाईवाला घरी गेला आणि केंद्रावर एकच माणूस उरला, पूजेसाठी थांबलेला रात्रपाळीचा चालक. पेणजवळच्या एका मूर्तिकारांच्या गावचा, पन्नाशीचा, सगळे त्याला दादा म्हणत. पूजा त्यानेच मांडली होती.

त्याला बोलावून घेतलं. आल्या आल्या तो नमस्कार करून उभा राहिला. मी नाव, गाव, पत्ता काही विचारलं नाही. केंद्रावरून त्या देवळाकडे जाताना नदीचा पूल लागतो, म्हणून एकच प्रश्न विचारला, "दादा, पिशवी नदीत का नाही टाकलीत?"

चौकशीत मी आवाज क्वचितच चढवला आहे. आपल्याला जे कळलंय ते शांतपणे पुढे ठेवलं की समोरच्याला लपवायचं ओझं खाली ठेवता येतं.

"टाकनारच व्हतो, साहेब," तो म्हणाला. "पुलावर फटफटी थांबवली. पर हात नाय धजला. आमच्या घरी मूर्ती घडतात. पुजलेली वस्तू उत्तरपूजा केल्याबिगर पान्यात सोडत नाय आमी. म्हनून देवळात नेऊन ठेवली. देव बघून घेईल म्हनलं."

देवाने बघून घेतलं म्हणायचं की चहावाल्याने, ते मी वाचकांवर सोडतो. मी विचारलं, "पण पुलापर्यंत गेलात कशाला?"

तेव्हा त्याने जे सांगितलं, ते माझ्या मनातही आलं नव्हतं. गाडी निघाल्यावर त्याला चौरंगावर पिशवी दिसली. त्याने फोन लावला, पण सायरनच्या आवाजात कोण उचलतो? मग मोटारसायकलला किक मारली, पिशवी पोटाशी धरली आणि गाडीच्या मागोमाग तो गावात पोहोचला. अंगणाबाहेर गर्दी होती. तरुण चालक गाडीच्या दारात उभा राहून लोकांना सांगत होता, पिशवी चोरीला गेली, आता इथंच होती. लोक भंगारवाल्यावर तुटून पडत होते.

"मी पिशवी वर केली असती तर मंडळींनी आमच्या पोराला तिथंच ठेचला असता," दादा म्हणाला. "म्हनून मी फटफटी वळवली."

"आत काय चाललं होतं?"

"बाई शेतकऱ्याला श्वास देत व्हत्या. त्याची बायको मोठ्यानं मोजत व्हती त्यांच्यासोबत. आयकू येत व्हतं मला."

मी तेहेतीस वर्षं नोकरी केली. खुनाचे कबुलीजबाब ऐकले आहेत. त्या एका वाक्याने बसला तसा धक्का मला दुसऱ्या कशाने बसला नाही. मी त्याच्यावर चिडलो होतो आणि त्याची दयाही येत होती, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटू शकतात हे मला तिथे कळलं.

पुढचं सरळ आहे. तरुण चालकाने थाप मान्य केली. लोक अंगावर येतील या भीतीने पहिलं तोंडाला आलं ते तो बोलला होता, आणि भंगारवाला नेमका समोर होता. सरकारी डॉक्टरांनी अभिप्राय दिला की फुगा वेळेत मिळता तर रुग्ण इस्पितळापर्यंत पोहोचण्याची चांगली शक्यता होती. दोघा चालकांवर रीतसर कारवाई झाली, बाईंची अंतर्गत चौकशी झाली. संस्थेचे पदाधिकारी माझ्याकडे आले आणि पूजाच बंद करतो म्हणाले. मी म्हटलं, पूजेने काय केलंय? वस्तू जागेवर असू द्या, गाडीतच कुंकू लावा. आणि गाडी हलण्याआधी एकाने वस्तूचं नाव घ्यायचं, दुसऱ्याने हात लावून आहे म्हणायचं. असते, असणारच, हे शब्द चालणार नाहीत. बाई आजही तिथे आहेत, आणि मोठ्याने नाव घेतल्याशिवाय त्यांची गाडी फाटकाबाहेर पडत नाही असं ऐकतो. त्यांच्या हाताखाली माझ्या घरचं माणूस मी बिनधास्त देईन.

भंगारवाल्याला मी ठाण्यात बोलावून सांगितलं की तुझ्यावर काही नाही, मारणाऱ्यांविरुद्ध तक्रार द्यायची तर दे. तो म्हणाला, "तक्रार नको. त्या गावात माझी फेरी हाय. तुमी एकदा संगती चला. लोकांनी तुमच्या तोंडून आयकलं म्हंजी झालं."

मी गणवेश चढवून गेलो. टेम्पो पुढे, जीप मागे. चौकात लोक जमले, मी झालं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. काही जण जमिनीकडे बघत होते. एक-दोघांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग शेतकऱ्याची बायको आली. तिने आधी भंगारवाल्याला पाणी दिलं. मग मला विचारलं, "पिशवी दारापर्यंत आलेली, खरं काय?"

"हो," मी म्हणालो.

"म्हंजी याला धराया आख्खा गाव व्हता," ती म्हणाली, "नि पिशवी आत आनाया वाट द्यायला कोन नव्हता."

तिच्या आवाजात राग नव्हता.

त्यानंतरच्या प्रत्येक तपासात खोटं कोणी बोललं हे मी शोधलंच, ते माझं कामच होतं. पण त्याच्या जोडीला मी आणखी एक गोष्ट विचारू लागलो, आणि माझ्या हाताखालच्या पोरांनाही विचारायला शिकवली: ते खोटं ऐकून दारातून परत कोण फिरलं?