ठमाबाईची साक्ष

ठमाबाईनं मुकादमाचं डोकं फोडलं तेव्हा मी जवळच उभा होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. रेवदंड्याच्या कोटातली जुनी फिरंगी भिंत पाडायला ठेकेदाराची माणसं आली होती. कुठल्याशा पुलाला दगड हवा होता. अख्खा डोंगर समोर उभा, पण या हलकटांना भिंतीचाच दगड पाहिजे, कारण तो घडवलेला, आयता. ठमाबाई मासळी विकून परतत होती. तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली, तिथलाच एक चिरा उचलला आणि मुकादमाच्या कपाळात घातला. मग चौघांनी मिळून तिला लाथाबुक्क्यांनी तुडवलं. मी मधे पडलो तर माझ्या कॅमेऱ्याच्या स्टँडचा एक पाय मोडला आणि माझ्या पाठीत दोन बसल्या. संध्याकाळी सुरुंग लावून त्यांनी भिंत उडवलीच.

मी इसहाक, मुरुडचा. बापाचं लाकडाचं दुकान होतं. मी मुंबईला जाऊन फोटोचं काम शिकून आलो, म्हणजे बापाच्या हिशेबानं वाया गेलो. पोटासाठी शेठलोकांचे फोटो काढायचो, पण जीव सगळा जुन्या इमारतींत. पडके बुरूज, घुमट, फिरंग्यांची बिनछपराची देवळं. गावाचा इतिहास माणसांना विचारावा तर दहा जण दहा थापा मारतात. भिंत थापा मारत नाही. तोफेचा गोळा कुठं लागला आणि कुणी कुठं डागडुजी केली, ते ती उघड दाखवते. एकोणतीस साली ही भिंत पाडणार असं कानावर आलं तसा मी सामान घेऊन रेवदंड्याला धावलो होतो.

जमिनीवरून फोटो झाले. मग मला वाटलं, फिरंगी तर दर्यातून आले, त्यांना ही भिंत दिसायची तशी आपणही पाहावी. ठमाबाईचा नवरा कान्हा मला होडीतून घेऊन गेला. भला माणूस, बोलणं कमी. होडी हलता कामा नये म्हणून त्यानं ती आपल्या खुंट्याला बांधली. कोळ्यांचं असं असतं की दर्यात खोल लाकडी खुंटा रोवायचा आणि त्याला जाळं लावायचं. प्रत्येक घराची जागा ठरलेली. पण पाण्यावर बांध घालता येतो थोडाच? म्हणून हद्द किनाऱ्यावरच्या खुणांनी धरायची. कान्हानं बोट दाखवलं. "भाई, त्या भिंतीची कमान बघ. तिच्यात मागल्या डोंगराचा शेंडा दिसतो न्हवं? शेंडा कमानीत हाय तवर जागा आमची. भिंतीआड गेला की शिवदासची. आज्याच्या आज्यापासनं असंच हाय." मी फोटो घेतला आणि लगेच होडीच्या काठावर ओणवा होऊन ओकत बसलो. दर्या मला कधी मानवला नाही. कान्हानं परतल्यावर ही गोष्ट सगळ्या कोळीवाड्याला सांगितली आणि पोरंसोरंसुद्धा मला हसली.

भिंत उभी होती तोवर शिवदासची जीभ टाळ्याला चिकटलेली होती. भिंत गेली आणि त्याला वाचा फुटली. कान्हाचा खुंटा माझ्या हद्दीत आहे, पहिल्यापासून आहे, असं तो बोलू लागला. पुढल्याच महिन्यात भर दुपारी दर्यात दोन होड्या एकमेकींना भिडल्या. शिवदास आणि त्याचे भाऊ एका होडीत, दुसरीत कान्हा आणि त्याचा मुलगा मोरू. शिवदासनं वल्हं कान्हाच्या कानशिलावर घातलं. कान्हा पाण्यात पडला आणि काठ धरून वर येऊ लागला, तेव्हा त्याच्या बोटांवर दुसरा घाव. मोरूला तिघांनी दाबून धरलं होतं. बापाची बोटं सुटताना त्यानं पाहिली. फौजदार आला, कोंबडी खाल्ली आणि कान्हा बुडून मेला असं ठरवून गेला.

जमातीच्या पंचांनी त्याहून वाईट केलं. त्यांनी सांगितलं की कान्हा हद्दचोर, चोरी करताना मेला, त्याचा दोष कुणावर नाही. नारळी पुनवेला दर्यात गेलेल्यांच्या नावानं गाव नारळ सोडतं. हद्दचोराच्या नावाचा नारळ सोडत नाहीत. म्हाताऱ्यांना खरं ठाऊक होतं, पण शिवदासचे भाऊ सहा. गप्प बसले मेले.

ठमाबाई मुरुडला माझ्या फोटोच्या दुकानात आली ती खाडी ओलांडून, उन्हात चालत. मुकादमाच्या माणसांनी मोडलेली बरगडी अजून दुखत होती, एका हातानं कूस धरून उभी राहिली. म्हणाली, "भाई, तू आमच्या खुंट्यावरनं फोटू काढलावतास. तो दे."

मी छापलेला फोटो तिच्यापुढं ठेवला. तिनं तो उजेडात नेला आणि बराच वेळ पाहिला. डोंगराचा शेंडा कमानीच्या ऐन मधे होता. एवढी दणकट बाई, मटकन खाली बसली. फोटो छातीला धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माजा कान्हा चोर न्हाय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी म्हटलं, पंच बसव, मी स्वतः येतो साक्षीला, बघू कुणाची माय व्यालीय ते.

पंच पुन्हा बसायचे त्या सकाळी मी तिच्या अंगणात पोचलो. मोरू दगडावर कोयता घासत होता. वीस-बावीसचा पोर, लग्न झालेलं, बायकोला दिवस गेलेले. मला म्हणाला, "भाई, फोटूत बाप खरा हाय ना? मग आज पंचातच शिवदासची मान खाली पडल. होडीच्या नाळेवर हात ठिवून शपथ घेतलीय." मी म्हटलं, मोरू, वेडेपणा करू नकोस, फासावर जाशील. तो म्हणाला, "जाईन. पंचांनी बापाला चोर म्हटलं म्हणून हात थांबलावता. तो चोर नसंल तर मला थांबवणारा कोण?"

मला वाटलं, तरणं रक्त आहे, बडबडतंय. ठमाबाई चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं. भाकरी तव्यावरच करपू दिली.

देवळासमोर सगळी जमात गोळा झाली. भागोजी पाटील मधे बसला, तोच पंचांचा म्होरक्या. शिवदास भावांना घेऊन एका बाजूला. मोरू समोर उभा, खांद्यावर घोंगडी, आणि घोंगडीखाली काय आहे ते मला ठाऊक. भागोजी म्हणाला, "ठमे, दाखव तुझा फोटू."

तिनं फोटो काढला, पण त्याच्या हातात दिला नाही. म्हणाली, "पाटील, ह्यात शेंडा कमानीत हाय. पर हा फोटू आमच्या खुंट्यावरचा न्हाय. त्या दिशी होडी बांधलीच न्हवती, वाहत आमच्या हद्दीत आलीवती. खुंटा आमचा शिवदासच्या हद्दीत. कान्हानं मला सवताच्या तोंडानं सांगितलंवतं. तो चोरच व्हता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभा राहिलो. म्हटलं, ही बाई खोटं बोलते, मी डोळ्यांनी पाहिलंय, कान्हानं माझ्यादेखत होडी खुंट्याला बांधली.

ती माझ्याकडं वळली. "भाई, तू काठावर डोकं टाकून ओकत व्हतास. तुला काय दिसणार?"

सगळी जमात हसली. पंचसुद्धा हसले. शिवदास तर मांडीवर थाप मारून हसला. तेवढ्यात तिनं फोटो उभा फाडला, मग आडवा फाडला, आणि तुकडे पदरात घेतले. काच माझ्याकडं आहे, दुसरा छापून देतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तिच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि मिटलं. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. लानत आहे माझ्यावर, सकाळी पोराचं बोलणं मी बडबड समजलो होतो.

मोरूचा चेहरा पांढरा पडला. घोंगडी खांद्यावरून घसरली, कोयता खडकन खाली पडला आणि त्यानं तो उचलला नाही. तो आईवर धावून गेला. पहिली बुक्की तोंडावर, दुसरी त्याच मोडक्या बरगडीवर. ती पडली तरी तो लाथा घालत होता. "बापाला चोर म्हणतीस? मेलेल्या बापाला?" तिनं हात वर केला नाही, तोंडसुद्धा झाकलं नाही. आम्ही पाच-सहा जणांनी त्याला ओढून काढला. तो तिच्यावर थुंकला. म्हणाला, तू माझी आई नाहीस, माझ्या पोराला तुझी सावली पडू देणार नाही. मग बायकोला घेऊन सासुरवाडीला बोर्लीला निघून गेला, आणि शब्दाला जागला. पोरगा झाला तो ठमाबाईनं अजून पाहिलेला नाही.

लोक पांगले. शिवदास खुंट्याची जागा घेऊन ऐटीत घरी गेला, त्याची मान जागच्या जागी. मी ठमाबाईला उठवून देवळाच्या पायरीला टेकवलं. तिचे दोन दात पडले होते, ओठ फाटला होता, एक डोळा मिटलेला. राग कुणावर काढावा ते माझं मलाच कळत नव्हतं. म्हटलं, बाई, नारळ गेला, नाव गेलं, पोरगा गेला. काय मिळवलंस तू?

तिनं एका डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं. तोंडातलं रक्त बाजूला थुंकली.

"जाताना कोयता नेला का त्यानं?"

"नाही," मी म्हटलं. "इथंच पडलाय."

"मग पानी दे," ती म्हणाली.