पंधरा दिवसांची मुदत आणि आमची तीन टेबलं

आईशपथ सांगतो, यातलं एक अक्षरही खोटं नाही. कडुलिंबाखाली बसून शपथ घेतोय. म्हणजे झाड तसं वडाचं आहे, पण सावली खरी आहे. छत्रपती संभाजीनगरात एका सरकारी कचेरीबाहेर मी वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितोय. अर्ज आत जातात आणि किस्से आपल्यापाशी राहतात. तिथं आम्ही तिघं बसतो: शेषअप्पा, सलीमभाई आणि मी.

मागच्या वर्षी नवे साहेब आले. आम्हा तिघांना आत बोलावून त्यांनी पुढ्यात अर्जांचा गठ्ठा आपटला.

"यात कुणाची गाय मेली, कुणाची भिंत पडली, काही कळतं का? सगळ्यांत एकच. 'सदर इसमाने अन्याय केला, योग्य ती कार्यवाही व्हावी.' पंधरा दिवस देतो. नीट लिहायला शिका, नाहीतर टेबलं उचला."

बाहेर आल्यावर सलीमभाई म्हणाला, "इस उमर में कहाँ जाएंगे, अप्पा?"

अप्पा तडक औरंगपुऱ्यातल्या वाचनालयात गेले आणि तिघांसाठी तीन पुस्तकं घेऊन आले.

"आपल्याकडं शब्दच धा-बारा हायेत," ते म्हणाले. "रोज वीस पानं वाचायची. नवा शब्द घावला की वहीत लिवायचा, अन् त्याच दिवशी अर्जात वापरायचा."

ही शेवटची अट त्यांनी घातली नसती तर लई बरं झालं असतं.

*

पहिल्याच दिवशी सलीमभाईला कादंबरीत 'विदीर्ण' हा शब्द सापडला. दुपारी एकजण नळाची तक्रार घेऊन आला. सलीमभाईनं लिहिलं, 'मुख्य पाइप विदीर्ण झाल्यामुळे समस्त गल्ली शोकाकुल आहे.'

थोड्या वेळानं शिपाई धावत बाहेर आला. "कोण वारलं? साहेब विचारतेत, हार न्यायचा का?"

*

पुढं माझ्या हाती निसर्गवर्णनाचं पुस्तक आलं. करमाडचे एक पाटील आले. शेजाऱ्यानं बांध कोरला होता. मी अर्धं पान नुसत्या पहाटेवर खर्च केलं. दवबिंदू, कोवळी किरणं, पाखरांची किलबिल, सगळं. वाचून दाखवलं. पाटलांनी डोळे मिटून ऐकलं.

"लई ग्वाड लिवलंय," ते म्हणाले. "पण भाऊ, हे वाचलं तर साहेब म्हणतील, गडी इतका सुखात हाय, ह्याला वीतभर जमीन कशाला पायजे?"

*

अप्पांच्या टेबलापाशी मात्र उलटं घडलं. मुदतीतला आठवा दिवस होता. एक बाई आली. तिच्या घराला लागून नाली खोदली होती, तेव्हापासून भिंत हलली होती. तिचे दोन अर्ज परत आले होते. 'भिंत खराब झाली आहे' एवढंच त्यात होतं, आमच्याच हातचं.

अप्पा त्या आठवड्यात एका गवंड्याच्या आठवणी वाचत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, नुसत्या गिलाव्याला भेग हाय, का भिंतीलाच तडा?"

"तडा."

"केवढा?"

"पल्याडची कोंबडी दिसती, बाबा."

अप्पांनी लिहिलं, 'भिंतीला आरपार तडा गेला असून त्यातून शेजारची कोंबडी दिसते.' दुसऱ्या दिवशी कचेरीतला माणूस पाहणीला गेला. परत आला तो थेट साहेबांपुढं उभा. "साहेब, कोंबडी दिसली."

त्या दिवसापासून आम्ही वहीतले शब्द अर्जात घुसडणं बंद केलं. वाचन चालू ठेवलं. आता समोरच्याला काय विचारायचं ते सुचायला लागलं होतं.

*

पंधराव्या दिवशी दुपारी साहेब स्वतः बाहेर आले. सलीमभाईनं टाइपरायटरवर कापड टाकलं. मी खुर्ची मिटली. अप्पा वहीकडं बघत बसले.

साहेब गिऱ्हाइकाच्या डुगडुगत्या स्टुलावर बसले.

"एक अर्ज लिहायचाय," ते हळूच म्हणाले. "बदलीचा. गावाकडं आई आजारी आहे. मी तीनदा लिहिला, तिन्ही वेळा परत आला."

त्यांनी खिशातून कागद काढला. सलीमभाईनं तो मोठ्यानं वाचला. 'कौटुंबिक अडचण लक्षात घेऊन योग्य ती कार्यवाही व्हावी.'

आम्ही कुणीच हसलो नाही. ते काही सोपं नव्हतं.

"साहेब, आजारी म्हणजे नेमकं काय?" सलीमभाईनं विचारलं. "होता क्या है उनको?"

साहेबांनी डुगडुगतं स्टूल जरा पुढं ओढलं.

"संध्याकाळी दारात उभी राहते," ते म्हणाले. "मी शाळेतून यायची वाट बघत."

सलीमभाईनं टाइपरायटरवरचं कापड काढलं आणि तेवढंच टाइप केलं. साहेबांनी सही केली, कागदाची घडी घातली आणि फाटकाशी जाऊन मागं वळले.

"ती मिटलेली खुर्ची उघडा. अर्ज लिहून घ्यायला लोक थांबलेत."

अप्पांनी पंधरा दिवसांचा श्वास सोडला. महिन्याभरात साहेबांची बदली झाली. टेबलं आजही तिथंच आहेत.

राहिली कबुली. सगळं खरं आहे, फक्त पहिल्या किश्शातला सलीमभाई खोटा. तो पाइप माझ्या टेबलावर विदीर्ण झाला होता.